चौथ्या वर्गाचा तारा आणि न प्यायलेली कॉफी

सल्त, मंगळवार

आदरणीय आत्या,

देवाची कृपा तुझ्यावर राहो, तुझे गुडघे जिना चढोत आणि करकमधल्या तुझ्या शेळ्यांना दूध उतरो. डोळ्यांत थेंब घालतेस ना? फोनच केला असता, पण तुझा फोन तुझ्या गाझीची मुलं उचलतात, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे बाबांना तीन दिवस झोप नाही आणि मला चार दिवस, बाकी उत्तम. तू पाठवलेलं सुकं दही, जमीद, घालून मटणभाताचा मनसफ केला. बाबांनी दोनदा वाढून घेतला, तिसऱ्यांदा नको म्हणाले. (ते तिसऱ्यांदा नको म्हणतात तेव्हा घरात काहीतरी बिनसलेलं असतं.)

झालं असं, की अम्मानहून राजवाड्याचं पत्र आलं. मेंढ्यांच्या साथीत बाबा गावोगाव लस टोचत फिरले होते, त्याबद्दल मिळालेला चौथ्या वर्गाचा तारा तुला ठाऊकच आहे. आता ऐंशीव्या वर्षी त्यांना तिसरा वर्ग देतायत. तो छातीवर नाही, गळ्यात घालतात. समारंभ येत्या रविवारी. मी अशी किंचाळले की शेजारच्या उम्म जिर्यसने भिंतीपलीकडून विचारलं, "कोण गेलं गं?" कुणी नाही, बाबांना पदक मिळतंय, म्हटलं. "परत? मेंढ्या परत आजारी पडल्या का?"

पत्राच्या तळाशी मात्र एक ओळ होती. वरचा वर्ग स्वीकारताना खालच्या वर्गाचा तारा परत आणावा. हा नियम बाबांना पाठ आहे. त्या सन्मानाचा सगळा इतिहास त्यांनी एका निळ्या वहीत लिहून ठेवलाय (दरबार तंबूत भरायचा तेव्हापासूनचा, फितीचा रंग कधी कसा फिकटला त्यासकट) आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते तो ऐकवतात. त्यातला त्यांचा लाडका किस्सा म्हणजे एक म्हातारा शेख जुना तारा घरी विसरला, घोड्यावरून दिवसभराची वाट परत गेला आणि तोवर दरबाराचं जेवण खोळंबलं. मी तो शंभरदा ऐकलाय. पत्र आल्यापासून बाबा तो सांगत नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी नवाशकाका आमच्याकडे आले तेव्हा तू आजारी होतीस, त्यांच्याबरोबर आली नव्हतीस, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून जे पाहिलं ते सांगते. काका बसले, मी कॉफी ओतली, त्यांनी पेला खाली ठेवला आणि हात मागे घेतला. आता पाहुण्याने मागणी मान्य होईपर्यंत पेला उचलायचा नाही असं ठरवलं, की यजमान काय करणार? बाबा म्हणाले, "पी रे नवाश. तुझं काम झालं समज." काका प्यायले आणि मग म्हणाले, "मुलीकडची माणसं मोठी आहेत. आमच्या गाझीसाठी मागणी घालायला जाताना तुझा तारा लावावा म्हणतो." तारा गेला, सून आली. किती दिवसांसाठी, ते कुणीच बोललं नव्हतं. आणि दिलेलं परत मागणं म्हणजे गिळलेला घास बाहेर काढणं. काका गेल्यापासून तो तुमच्या घरी त्यांच्या फोटोखाली टांगलेला आहे. आजोबांनी तो कसा मिळवला हे गाझीची मुलं पाहुण्यांना सांगतात. (गेल्या ईदला त्यात एक नदी आणि दोन रणगाडे होते. मीही मान डोलावली.)

बाबा म्हणतात, मी जाणारच नाही. "मेलेल्या माणसाच्या फोटोखालून तारा उतरवायला मी काय पोलीस आहे?" मग हरवला म्हणून सांगा, म्हटलं, तर राजाशी खोटं बोलायचं नाही. म्हणून आजारी आहे असं कळवणार आहेत आणि परवापासून खोकायला लागलेत. हे खोटं नाही का? तर म्हणाले, "खोकला हिवाळ्यात येतोच. मी जरा लवकर आणलाय." पण समारंभाचा कोट रोज उन्हात टाकतात, आणि मी बघतेय असं दिसलं की कसर लागलीय म्हणतात. आत्या, पुढच्या वेळी कोण बोलावणार आहे त्यांना?

असो. हे सगळं आपलं सहज लिहिलं. तू मनावर घेऊ नकोस, मला काहीही नको आहे.

तुझी भाची,
नौफा

ता. क. गुरुवारी सकाळी येतेय, फक्त तुला भेटायला. कॉफी कर. मी पिणार नाही.

ता. क. २. मुलांना काय सांगायचं, याचाही विचार मी केलाय. आजोबांचा तारा राजाने स्वतःकडे मागून घेतलाय, असं सांग. आजीचे भाऊ म्हणून बाबाही त्यांचे आजोबाच लागतात, तेव्हा शब्द न् शब्द खरा आहे. नदी आणि रणगाडे त्यांच्याकडेच राहू देत.

ता. क. ३. हे पत्र बाबांनी वाचलं. (मी उघडंच ठेवलं होतं.) "कॉफीचं तू चुकीचं लिहिलंस," एवढंच मला म्हणाले. त्यांनी लगेच "पी" म्हटलं नव्हतं. काकांची नजर तारा ठेवलेल्या काचेच्या कपाटाकडे गेली तेव्हाच त्यांना काय हवंय ते कळलं होतं. "पण पेला भरलेला होता तोवर नवाश उठणार नव्हता. वर्षातून एकदा यायचा. म्हणून मी आधी मेंढ्यांच्या गोष्टी काढल्या." गुरुवारी तेही येतायत. घरात येणार नाही, गाडीतच बसेन म्हणतात. त्यांच्यासाठीही एक पेला ओत, आणि तो थंड होतोय असा निरोप बाहेर पाठव.