शेवटच्या ओळीतले नाव

सोमवार, कार्तिक वद्य ३
तात्या वकिलांनी आतल्या खोलीत बोलावले. बाबूरावांना सरकारने हद्दपार केल्यापासून आपल्या साप्ताहिकाला प्रकाशक नाही. नाव नसेल तर अंक बंद. तात्या स्वतःचे देत नाहीत, वकिलीची सनद जाईल. "दत्तू, लेख मीच लिहितो. तू नुसतं नाव द्यायचं." मी चौथीतून शाळा सोडलेला, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. म्हणालो, विचार करतो. "विचार करायला मी आहे ना."

मंगळवार
प्रकाशक म्हणून सरकारी कागदावर सही केली. त्यातले उर्दूतले दोन शब्द लागले नाहीत. विचारायची लाज वाटली.

शनिवार, वद्य ८
अंक निघाला. तळाशी बारीक टायपात माझे नाव. मीच जुळवले, पुन्हापुन्हा तपासले. आईला वाचता येत नाही, तिने नावावरून बोट फिरवले. वडील, अण्णा, म्हणाले, "बाबूरावाचंबी नाव इथंच होतं ना?"

बुधवार, वद्य १२
भोकरदनकडचा भिकाजी आला. दौऱ्यावरच्या साहेबाचे सामान वाहायला त्याची गाडी वेठीला धरली. भाडे नाही, चारा नाही. एक बैल वाटेत बसला तो उठलाच नाही. तात्यांनी विचारले, तुझे नाव छापू का? "छापा की. बैल माझा मेला. म्या कशाला लपू?"

शनिवार, अमावास्या
अंक गेला. भिकाजीचे नाव दुसऱ्या ओळीत, माझे शेवटच्या.

मंगळवार, मार्गशीर्ष शु. ३
पोलीस ठाण्यात बोलावणे. तिथले फौजदार अमीनसाहेब, त्यांनी अंक पुढे ठेवला. "एडिटर साब तुम? पहले मूँछ तो आने दो." शिपाई हसले. मग विचारले, लिहिले कोणी? मी म्हणालो, मी. पुन्हा सांगावे लागले. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवले. पाणीसुद्धा दिले नाही.
सुटताना म्हणाले, येत्या अंकात माफी छापा, सगळे झूट होते म्हणून. नाही तर बाबूरावाच्या मागोमाग जा.

बुधवार
तात्यांचा माफीनामा तयारच होता. माझ्या नावाने. 'माझ्या अज्ञानामुळे', 'एका खोडसाळ माणसाच्या सांगण्यावरून'.
"तात्या, बैल तर मेलाच ना?"
"मेला. पण पत्र जगलं पाहिजे."
"मंग भिकाजीचं काय?"
चष्मा पुसत बसले. "त्याच्यावर पोलीस खोटी फिर्याद लावतील. फार तर थोडे महिने आत जाईल. मी फुकट लढतो त्याचा खटला."
लेखही माझा नव्हता, माफीही माझी नाही. नाव तेवढे दोन्हीकडे माझे.

गुरुवार
बाजारात भिकाजी भेटला. काही ठाऊक नाही त्याला. अंक धोतराच्या सोग्यात बांधलेला. "पारावर वाचून घेतला दादा. पोलीस आल्ते गावात. म्या म्हणलं, छापलंय ते बिलकुल बराबर हाय." माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. "तूच लिवलं ना? तुझं नाव दावलं मास्तरनं."
मी मान हलवली. कशासाठी हलवली, कळत नाही. शेंगा अजून खिशात आहेत.

शुक्रवार
उद्याचा अंक आजच मशीनवर चढायचा. अमीनसाहेबांचा माणूस पहिली प्रत न्यायला बाहेर बसला आहे. अण्णांचा निरोप : सांगतील ते कर, घरी ये. तात्या दारातून म्हणाले, "झालं का रे?" म्हणालो, "करून राह्यलो."
माफीनामा जुळवून झाला. 'खोडसाळ'पर्यंत एकही चूक नाही. हात रॉकेलने धुतले, परत येऊन बसलो. हे लिहायला तेवढी सवड काढली.
तळाची ओळ रिकामी आहे. नाव नाही तर अंक नाही, माफीही नाही. नावाचे खिळे अजून खणातच. मशीनवाला दुसऱ्यांदा हाक मारतो आहे.