गोळीचं जेवण आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी चाळीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडर आणि सध्या एका कुत्रीचा आचारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडावा, असं वकील म्हणाले. माझ्या येण्याजाण्यातले डॉक्टर म्हणजे त्या कुत्रीचे, गोळीचे. ते जनावरांचे आहेत, पण माणसं बरोबर ओळखतात. त्यांनाच साक्षीला बोलावलं आहे.

या कागदात खाडाखोड करणार नाही. दवाखान्यात आमची रीत होती की नोंद चुकली तर खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. काय चुकलं होतं तेही दिसलं पाहिजे.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण माझ्या मुलाला. तो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतो, म्हणून लिहून ठेवतो : कपाटाची किल्ली घड्याळाच्या मागे आहे.

दुरुस्ती : तिथे नाही. सापडली की लिहीन.

कलम २. शेजारचे शिंपी दुसरे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. फार बरं झालं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी शिवलेल्या पँटचा डावा पाय अजून आखूड आहे आणि ते अजून म्हणतात, "तुमचाच पाय लांब आहे."

कलम ३. गोळी. ही माझी कुत्री, वय नऊ. बायको गेली त्या वर्षी ही आली. तिचं वजन चौदा किलो हवं. सध्या एकोणीस आहे. गेल्या महिन्यात तिला उलट्या झाल्या, दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडाला सूज आहे. घरात कोणीतरी हिला जास्तीचं घालतंय. असा आणखी एक झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही." तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून पहारा देतोय आणि वजन तरीही वाढतंय. माझ्यामागे ती कोणाकडे जावी हा या कागदातला खरा प्रश्न आहे. घराचं काय, ते कुठे पळून जात नाही.

जेवण पुढीलप्रमाणे, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. उकडलेली कोंबडी, बिनहाडाची, कातडं काढून. भात, लाल भोपळा, गाजर. मीठ नाही, मसाला नाही, तेल नाही. डॉक्टरांनी दिलेली पावडर वरून. मी हे काट्यावर तोलून बटर पेपरच्या पुड्या बांधतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी आठला एक, संध्याकाळी सातला एक. पुडी उघडली की तिच्यावर तारीख आणि वेळ टाकायची, ही दवाखान्यातली सवय.

खाऊ घरचाच : ओट्सचं पीठ, उकडलेला भोपळा आणि एक अंडं मळून, नखाएवढे तुकडे पाडून, मंद आचेवर कडक भाजायचे. दिवसाला दोन. ती तिसऱ्यासाठी असं तोंड करते की जन्मात कोणी काही दिलं नाही. भुलू नये.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगम आणि शिजवलेली हाडं तिच्या वाटेला येता कामा नयेत. मरायचं असेल तर मी मरेन, हे मृत्युपत्र माझं आहे.

कलम ४. सूनबाई. शाळेत शिकवते, पाचला घरी येते. चार वर्षांपूर्वी तिने गोळीला कांदा घातलेल्या ऑम्लेटचा तुकडा दिला होता. "एवढ्याशाने काय होतंय, बाबा?" असं वर म्हणाली होती. आता घरात आम्ही दोघंच, आणि मी तोलूनमापून देतो, मग जास्तीचं घालतं कोण? मी तिला तोंडावर विचारलं. ती भांडी घासत राहिली. चोरी पकडल्यावर माणूस असाच गप्प बसतो. सबब सूनबाईंना पिठाची चाळण, आणि गोळी तिच्याकडे कदापि जाऊ नये.

मंगळवार. पुढे लिहितो.

सुनेचं कपाट उघडणं सासऱ्याला शोभत नाही, हे मला कळतं. उघडलं. पुरावा हवा होता. साड्यांखाली बुटांचं खोकं निघालं आणि त्यात बटर पेपरचे कागद, कचऱ्यातून काढून, पुसून, सपाट केलेले. साठ-सत्तर तरी असतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आल्या आल्या मी खोकं समोर धरलं.

"हे काय आहे?"

तिने पर्स खाली ठेवली. "बाबा, अक्षर बघा."

बघितलं. एकाच तारखेचे चार कागद. आठ दहा. आठ चाळीस. नऊ पंचवीस. दहा पाच. आकडे माझेच, सातच्या पोटात रेघ मारायची सवयसुद्धा माझीच.

"कोणीतरी माझं अक्षर काढतंय," मी म्हणालो.

"आणि घडी?"

आता घडीचं काय सांगू? एक कोपरा आत, दुसरा त्याच्यावर, मग शेंडी खोचायची. कितीही हलवा, पुडी उघडत नाही. ही घडी मी बायकोला शिकवली, मुलाला शिकवली, हिलाही शिकवली. एकालाही जमली नाही. त्या प्रत्येक कागदावर तीच घडी होती, अगदी नीट.

मी स्टुलावर बसलो. आठ दहाला गोळीला जेवायला घातलं, हे मला आठवतं. पण ते एकदाच आठवतं.

"मी पुड्या लपवून बघितल्या," ती म्हणाली. "तर तुम्ही पुन्हा कुकर लावता. हे कागद डॉक्टरांना दाखवायला ठेवलेत. गोळीच्या नव्हे, तुमच्या."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती माझ्या शेजारी खालीच बसली. "सांगितलं होतं, बाबा. तीनदा. तिन्ही वेळा तुम्ही लहान मुलासारखे रडलात, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरलात. चौथ्यांदा माझी जीभ रेटेना. म्हटलं, माझ्यावर रागावतात तर रागावू देत."

म्हणजे हे मला चौथ्यांदा कळतंय. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो, ती समोर बसली आहे तोवर.

पहिल्या परिच्छेदाची दुरुस्ती : माझी बुद्धी आज संध्याकाळी साडेपाचला शाबूत आहे. याहून जास्त हमी देता येत नाही.

कलम ४ ची दुरुस्ती : चाळण रद्द. औषधं तोलायचा माझा पितळी काटा, त्याची वजनं, खलबत्ता आणि घरातला अर्धा हिस्सा सूनबाईला. उरलेला अर्धा मुलाचा. मी तिला चोर म्हटलं ते साफ चूक होतं. तिची माफी मागतो. उद्या मी पुन्हा तिला बोललो तर तिने हे पान माझ्यासमोर धरावं.

कलम ३ ची दुरुस्ती : गोळी सूनबाईची. माझ्या मरणानंतर नव्हे, आजपासून. फ्रिजला कुलूप लावावं आणि किल्ली माझ्या हाती देऊ नये. मी रागावेन, गोळीला उपाशी मारताय असं शेजारीपाजारी सांगत सुटेन, शिंप्यांनी मान डोलवावी आणि काही करू नये. मी पुडी मागत आलो तर "झालंय तिचं" एवढ्यावर मला घालवू नये, मला ते पटणार नाही. माझ्या हातात गाजराचे दोन तुकडे द्यावेत आणि म्हणावं, "घाला, बाबा." तेवढ्या गाजराने तिचं काही बिघडत नाही. मला तेवढं घालू द्यावं.

घडी मात्र मी सूनबाईला पुन्हा शिकवणार आहे. या खेपेला जमेल.

आज दोन्ही साक्षीदार आले आहेत, त्यांच्यासमोर सही करतो.

ठिकाण : माझी खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक : बावीस, गुरुवार (सूनबाईला विचारून)

(सही) मृत्युपत्र करणारा

(सही) साक्षीदार १, जनावरांचे डॉक्टर
(सही) साक्षीदार २, शेजारचे शिंपी

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदारांची नोंद : आम्ही सह्या करत असताना यांनी "माझी राहिली" म्हणून पुन्हा सही केली. आम्ही अडवलं नाही. दोन्ही सह्या त्यांच्याच आहेत.