बाबांना मी सांगून टाकलं

आई,

चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवलीय, कारण तो तुझ्याशिवाय कोणी उघडत नाही. अक्षरं मोठी काढलीत, सावकाश वाच. बाबांना सकाळची गोळी दिली, दुधात भाकरी कुस्करून भरवली. मी शाळेत चाललेय, तू येईपर्यंत जनाकाकी ओट्यावर बसेल.

तू शेतावर राबाचा पालापाचोळा भाजायला गेलीस आणि बाबांनी विचारलं, "हर्षे, भाताच्या आवणीला मी असन का गो?"

तुझ्यासारखं "पावसाआधी बरं वाटंल" म्हणणार होते. पण मंगळवारी येणारी नर्सताई म्हणाली होती ना, बाबांनी स्वतःहून विचारलं तर खोटं सांगू नका. मी म्हटलं, "नाय बाबा. फुप्फुसं आता सुधरायची नायत."

आई, ते रडले नाहीत. म्हणाले, "मला दिवाळीपासून म्हाईत हाय. तुज्या आयला नको सांगू, ती खचंल." म्हणजे तू त्यांच्यापासून लपवतेस आणि ते तुझ्यापासून! मग मीच परसात जाऊन रडले. तुला सांगणार नाही असं कबूल केलं होतं, तेही मोडलं.

माझ्यावर चिडायचं तर संध्याकाळी चिड, हवं तर दोन धपाटे घाल. आत्ता हातपाय धू आणि त्यांच्याजवळ जाऊन बस. बरं वाटेल असं मात्र आज म्हणू नकोस. पाच महिने झाले, एकाच घरात तुम्ही दोघं वेगवेगळे रडताय.

तुझी,
हर्षू