रायपूरची तिकिटं

आई,

तू विहारात गेली आहेस, म्हणून लिहून ठेवते. बाबांना रायपूरची तिकिटं रद्द करायला सांग. लग्न तिथं लागलं, तेव्हा घटस्फोटाचा अर्जही तिथंच करावा लागणार, हा आपला गैरसमज होता. पत्नी सध्या राहते त्या शहरातही तो करता येतो, असं वकीलबाईंनी आत्ताच फोनवर सांगितलं. मी अर्जावर सही करायला त्यांच्याकडे शिवाजीनगरला निघाले आहे. इतके महिने माझ्या छातीत उभी असलेली ती रायपूरची गाडी अखेर माझ्यावाचून सुटली.

हॉलमधली बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले आहेत. भांडीही घासली आहेत. "राहू दे गं, चार दिवसांची पाहुणी तू," असं आता म्हणू नकोस. मी राहायला आले आहे.

दीपाली