गुलशनचं पाणी

१४ मार्च १९८३

पोचले एकदाची! भोकरहून निघताना दादा म्हणत होता, बाईमाणसानं एकटीनं लॉजवर राहू नये. म्हणून मुद्दाम लॉजच धरला. औशाच्या कचेरीत टंकलेखक म्हणून रुजू झाले. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष नाही, त्यामुळे क्वार्टर तर नाहीच, धड खुर्चीसुद्धा नाही.

पण हे ‘गुलशन’ झकास आहे. निजामाच्या अमलातला दगडी मुसाफिरखाना, उंच छत, खिडक्यांना रंगीत काचा. सभोवार द्राक्षांच्या बागा, पण दुष्काळानं सगळ्या वाळलेल्या, तारांवर नुसत्या काड्या. अंगणात विहिरीवर मांडव धरून बसलेला वेल तेवढा हिरवागार, घडांनी वाकलेला.

मालक रेवणप्पा आणि त्यांची बायको गंगम्मा तांब्या घेऊन दारातच उभे होते. रेवणप्पा म्हणाले, “प्या बाई. आमचं पानी एकदा प्यालं की मान्साला तहान म्हनून लागत न्हाई.” गार होतं, जरासं गोड. गटागटा प्याले.

१७ मार्च

खरंच तहान लागत नाही! गावात आडावर घागरींच्या रांगा, बायकांची झोंबाझोंबी. आणि मी भर उन्हात चालत कचेरीला जाते, घामाचा टिपूस नाही.

शेजारच्या खोलीत उदगीरचे व्यापारी संगप्पा आहेत. द्राक्षं खरेदी करायला आले ते राहिलेच म्हणे. दिवसभर व्हरांड्यात आरामखुर्चीवर पडून असतात. लई गोड माणूस. गावाकडं नातीचं बारसं राहिलंय म्हणून सारखं सांगतात. बोलताना त्यांचे ओठ कागदासारखे वाजतात.

२१ मार्च

दादाला पत्र लिहिलं. तिकीट जिभेवर फिरवलं तर ओलंच होईना. पुन्हा पुन्हा फिरवलं. जीभ वहाणेच्या तळव्यासारखी झालीय.

कचेरीत चहा घेतला. घशाखाली उतरला नाही, ओठांवरून परत आला. साहेबांसमोर पदर भिजला.

गंगम्माला सांगितलं. ती म्हणाली, नव्या मान्साला व्हतंय असं, आमचंच पानी प्या म्हंजे बरं वाटंल. तांब्या पुढं केला. नाही घेतला. मला कुणी असा आग्रह केला की माझं डोकं फिरतं.

२४ मार्च

दुपारी वावटळ आली. संगप्पा खुर्चीतून उडाले. पडले नाहीत — उडाले, आणि खांबाला अडकले. मी धावत जाऊन उचललं. वाळल्या भोपळ्याएवढंही वजन नाही. दंडाला धरलेल्या जागी चामडी तशीच चिमटलेली राहिली.

त्यांना रडू आलं होतं. डोळे कोरडेच. पण ते हुंदके देत होते आणि वर मांडवातून, ढग नसताना, पानांच्या टोकांवरून थेंब गळत होते. एक हुंदका, एक सर. मी डोळ्यांनी पाहिलं.

“बाई, मला घरी जायाचंय,” म्हणाले. “पाय उचलंना झालेत.”

२५ मार्च

आरशात पाहिलं. माझ्याही गालाचा चिमटा तसाच राहतोय.

भीती वाटते. पण राग त्याहून मोठा आहे. एकटीनं जायचं नाही. संगप्पाला घेऊन जायचं. आणि तो वेल — तो असा फुकट हिरवा राहू द्यायचा नाही.

२६ मार्च, दुपार

स्वयंपाकघरातला कोयता घेतला. सगळ्यांच्या देखत. गंगम्मा किंचाळली. मी घाव घालत राहिले, बुंधा मांडीएवढा —

पाणी उसळलं. कोमट, खारट. घामासारखं, आसवांसारखं. माझ्या तोंडावर उडालं आणि —

तहान लागली! देवा, तहान! व्हरांड्यात संगप्पाही ओरडले, पानी, पानी!

रेवणप्पा आले. मला वाटलं, मारतील. ते हसले. “येल तोडलाव. तोडा की. पानी हिरीत हाय, बाई.” स्वतः फाटक उघडून दिलं.

सडकेवर

संगप्पाला कडेवर घेतलंय, लेकरासारखं. घशात काटे. चालवेना. लिंबाखाली बसून लिहितेय.

टँकर आला. आजपासून सरकारनं सुरू केलाय म्हणे. वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन धावल्या. एकीला आमची दया आली, तिनं पहिला तांब्या मलाच दिला. ओठांपर्यंत नेला, आणि मग ड्रायव्हरला विचारलं, कुठून भरलास?

“गुलशनच्या रेवणप्पाच्या हिरीवरून. लई पानी हाय तिथं. उद्यापासून लातूरलाबी हेच जानार.”

तांब्या फेकला. बाई मला रांड म्हणाली. संगप्पा मातीवरचा ओला डाग चाटायला वाकले, मी केस धरून मागं ओढलं. शिव्या देतायत मला. देऊ देत.

ओरडून सांगितलं सगळ्यांना. कुणी ऐकत नाही. लेकरं रडतायत तहानेनं. घागरी रांगेत लागल्या —

टँकरचा कॉक मागच्या बाजूला आहे. सगळं रस्त्यावर सोडून देणार. बायका आडव्या येतील, दगडानं ठेचतील. ठेचू देत. मी पिणार नाही, आणि कुणाला पिऊ —

एकीनं तांब्या तोंडाला लावला —