मूळ गावाची ओळ

रायपूर, ६ जानेवारी २००३

चि. श्रावणीस अनेक आशीर्वाद.

तू निवडलेल्या डेरिकचा फोटो पोचला. आईने तो देवघराशेजारी ठेवला आहे. मी तिकडून जाताना दुसरीकडे पाहतो. मुलगा काळा आहे म्हणून नव्हे, असे तिला सांगितले, तर म्हणाली, काहून खोटं बोलून राहिले? तेही आहे, पोरी, आणि त्याची मला लाज वाटते.

पण लग्नपत्रिकेचे काय करू? रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून गोल बाजारातल्या छापखान्यांना फुरसत नाही. छापखानेवाला दयाराम फेब्रुवारीतच मजकूर मागतो आहे. आपल्या घरच्या पत्रिकेत वराचे आजोबा, पणजोबा, मूळ गाव असतेच. आपली वंशावळ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इथे आलेल्या पुरुषापासूनची, नऊ पिढ्यांची. श्यामरावकाकांनी मुलाचे गाव विचारले आणि मी पानाचा डबा पुढे केला. गाव कळव. नाहीतर निमंत्रक म्हणून माझे नाव घालायला हात धजणार नाही.

काळजीत असलेला,
बाबा


अटलांटा, २४ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

डेरिकला गाव नाही, बाबा. त्याच्या माणसांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणले, विकले. हॅमंड हे आडनावही मालकाचे. पूर्वी सरकारी याद्यांत गुलामांचे नाव नसे, नुसते वय आणि बाई की पुरुष. गुलामी संपल्यावर, १८७० च्या खानेसुमारीत त्यांच्या घरातले पहिले नाव सापडते: फीबी, वय पासष्ट, जन्म आफ्रिका. त्यामागे काही नाही.

त्याच्या आजी माँटगोमेरीच्या. तिथे काळ्यांना बसमध्ये गोऱ्यांसाठी उठावे लागे, म्हणून १९५५ साली सगळ्यांनी बसच सोडली. वर्षभराहून जास्त काळ आजी चार मैल चालत कामाला जात. तुमचा प्रश्न त्यांना भीतभीतच सांगितला. त्या म्हणाल्या, बापाने विचारलेच पाहिजे. आणि वर म्हणाल्या, आमचे गाव तुझ्या बाबांना सापडले तर आधी मला कळवायला सांग.

खोटे गाव छापू नका. लग्न मी करणारच आहे. पण मांडवात तुम्ही हवे आहात. आईला नमस्कार. रागावलात तरी पत्र बंद करू नका.

तुमची,
श्रावणी


रायपूर, १२ फेब्रुवारी

चि. श्रावणीस अनेक आशीर्वाद.

वंशावळ काढून बसलो. फीबीसारखे एखादे नाव आपल्यातही शोधावे म्हटले. नऊ पिढ्या, एकेचाळीस पुरुष, आणि बाई एकही नाही. माझ्या आजीचे नाव गोदू, एवढे मला ठाऊक. तिच्या आईचे? श्यामरावांना विचारले, त्यांनाही सांगता येईना. चहा न घेताच उठले. लग्नाला येतील की नाही, देव जाणे.

आपल्या बायकांना कोणी जहाजात घातले नव्हते, श्रावणी. घरात कागद होता, शाई होती. तरी आम्ही लिहिले नाही.

मजकूर दिला. वर, आफ्रिकेत जन्मलेल्या फीबीच्या वंशातला. वधू, गोदूची पणती. मूळ गावाची ओळ कोरी ठेवली आहे. दयारामने दोनदा विचारले, भैया, कुछ छूट गया क्या? मी म्हटले, हव, छूट गया. वैसेच छापो.

निमंत्रक म्हणून माझे नाव आहे. आजींना सांग, माना विमानतळावर मी स्वतः गाडी घेऊन येतो. या गावात त्यांना एक पाऊल पायी चालू देणार नाही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा