धुणं आणि पुसणं

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे त्यांना जिना चढू देतात का? हे दोन्ही प्रश्न मी फोनवरच विचारणार होते, पण तुमचं "बोल, बोल" आणि माझं बोलणं यांच्या मध्ये नेहमी एखादं गिऱ्हाईक स्टुडिओत शिरतं, म्हणून लिहून विचारते. मी बरी आहे. (म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या मते बरी. त्यांनी स्क्रीनपासून लांब बसायला सांगितलं. नक्की किती लांब, हे मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या झोपेची चौकशी सुरू केली.)

आमचा फोटो दुरुस्तीचा प्रोग्राम तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता, याचं मला कौतुक आहे. फक्त तो "फुकट" आहे असं सांगू नका, "मुक्त" आहे असं सांगा, एवढी विनंती मी केली होती. मुक्त म्हणजे त्याचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं, कोणीही वाचावं, बदलावं, पुढे द्यावं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे फुकटच की गं!" आणि वाद मिटला. तेव्हापासून तुमच्या शेजारचा फ्लेक्सवाला मला रोज लिहितो. त्याच्या बॅनरवरची माणसं पिवळी येत होती. मी माझी कामं सोडून शोध घेतला, तेव्हा त्याच्या मशीनमधली निळी शाई संपलेली निघाली. तसं नम्रपणे कळवलं, तर उत्तर आलं, "मग तुमच्या प्रोग्रामनं आधी सांगायला नको?" धर्माची गाय आणि दात का गं नाही! आई ही म्हण दुसऱ्यांसाठी वापरायची. आमच्या घरावरही कधी गाय व्हायची वेळ येईल, हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

बाबांना तर माझं काम अजून कळलेलं नाही. घराण्यात पहिल्यांदा शिकलेली मुलगी, म्हणून ते रस्त्यात भेटेल त्याला सांगतात, आणि घरी येऊन मला विचारतात, "तुझा मालक कोण?" मी म्हटलं, या कामाला मालक नाही. पगार? नाही. "मग सारखं ओरडतं कोण?" मी म्हटलं, सगळेच. ते म्हणाले, "शिकली नसतीस तरी एवढं मिळालंच असतं." (बाबा विनोद करत नाहीत.)

त्यात माझ्या हातून "धुवा" झालं. शाळा सुटल्यावर मी तुमच्या स्टुडिओत स्टुलावर बसून अभ्यास करायचे, आणि तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "रोल धुवायला टाकलाय, उद्या या." पुढे प्रोग्रामची बटणं मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलपासून फोटो तयार करणाऱ्या बटणावर मी निःशंकपणे लिहिलं, "धुवा". जगात सगळेच फोटो धुतात, अशी माझी समजूत होती. एका शिक्षिकेनं कळवलं की सगळे फोटो धुऊन जातील या भीतीनं त्या बटणाकडे बघतसुद्धा नाहीत. फ्लेक्सवाल्यानं कळवलं, "चारदा धुतला, तरी काळाच." मग स्वल्पविरामानं चर्चा बोलावली. (हे आमच्यातले ज्येष्ठ. मी त्यांना पाहिलेलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कामात स्वल्पविराम घालणं आणि काढणं हेच त्यांचं योगदान. बाकीचे वैतागून सोडून गेले, म्हणून ते ज्येष्ठ.) चर्चेअंती तिथे "प्रक्रिया करा" असं आलं. ते कोणालाच कळत नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

तेव्हाच माझा दुसरा शब्द गेला. जुन्या फोटोवर नवा साठवायला लागलं की प्रोग्राम विचारायचा, "मूळ फोटो पुसला जाईल. खात्री आहे का?" तो प्रश्न माझा होता. मी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी मुलगी; मला वाटलं, एकदा विचारायला काय हरकत आहे? पण लोकांच्या हाताला घाई. तुम्हीही म्हणाला होतात, "अगं, तुझा प्रोग्राम सासूसारखा हटकतो." मतं घेतली. विरोधात मी एकटी. स्वल्पविरामानं लिहिलं, "वापरणाऱ्याला, काय करायचं, ते कळतं." आणि प्रश्न गेला. नवा प्रोग्राम आला त्या दिवशी तुमचा मुद्दाम फोन आला, "आता कसा गपगुमान चालतो!"

पुढच्याच आठवड्यात तुमचा निरोप आला. "ताईचा फोटो धुतला. बघ कसा चकचकीत झालाय! आता तिला लागलेलं दिसतसुद्धा नाही."

मी बघितला. काम चांगलं आहे, मामा, खोटं कशाला बोलू? ओलीचा डाग गेला, घडीची रेघ गेली, कोपऱ्याची वाळवी गेली. आणि आईच्या हनुवटीवरचा व्रणही गेला. "डाग पुसा" हे अवजार मीच लिहिलं आहे. कागदावरचा डाग कुठला आणि माणसावरचा कुठला, ते त्याला कळत नाही, असं मी सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय. (सूचना आजवर फक्त स्वल्पविरामानं वाचल्या. त्यात त्यांना दोन स्वल्पविराम जास्तीचे सापडले.) आई विचारात पडली की बोट त्या व्रणावर ठेवायची. माझ्या शाळेच्या कागदावर जन्मात पहिल्यांदा सही केली तेव्हाही आधी बोट तिथे गेलं होतं. तो व्रण कुठून आला ते तुम्हाला सांगायला नको. सायकल तुम्ही चालवत होतात, आई मागे बसली होती. तुम्ही म्हणता, कुत्रं आडवं आलं. आई म्हणायची, "कुत्रं कुठलं? हँडल सोडून टाळ्या वाजवत होता!" एवढ्या वर्षांनी तुम्ही ताईला बरं केलंत, त्यामागचा जीव मला कळतो. पण तिनं तो कधी लपवला नव्हता.

मी रागावलेले नाही. (रागावले आहे. पण फ्लेक्सवाल्याला उत्तर देऊन देऊन मला आता रागातही "आपल्या सूचनेबद्दल आभार" एवढंच लिहिता येतं.) मामींना नमस्कार. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका.

तुमची भाची

ता. क. फ्लेक्सवाल्यानं आनंदानं कळवलंय की तुम्ही तोच फोटो भिंतीएवढा करायला दिलाय. तो थांबवा. निळ्या शाईचं निमित्त सांगा, त्याला पटेल.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. स्कॅनवर तर नवा फोटो साठवला गेला; मूळ कागदी फोटो कुठे आहे? स्कॅन झालेले फोटो तुम्ही काउंटरखालच्या खोक्यात टाकता आणि मामी ते खोकं रद्दीत देतात, हे मला ठाऊक आहे. आज खोकं हलवू देऊ नका. सापडला तर स्कॅन करू नका, पुसू नका, रुमालही लावू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवा. आमच्याकडे तिचा दुसरा फोटो नाही.

ता. क. ३. नाहीच सापडला, तर तो व्रण मला हातानं परत काढावा लागेल. काल काढायला बसले. बाबा म्हणाले डावीकडे, मी म्हटलं उजवीकडे. दोघंही ठाम. मग आठवलं, की माझी वेणी घालताना ती मागे उभी असायची, आणि मी तिला रोज बघितलं ते आरशात. तेव्हा कुत्र्याचं राहू द्या, मामा, ते होतं असं मी लिहून देते. ती कुठल्या अंगावर पडली, तेवढं कळवा. डावीकडे की उजवीकडे?

खात्री आहे का?